किडनीतली पाण्याची गाठ कॅन्सरची आहे का, हे सीटी-एमआरआय न करता कळतं का?

पानगळ:
नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होईल, सांभाळून घ्या. बाबांना (वय ६८) लघवीला अडकल्यासारखं होत होतं म्हणून प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली आणि त्यात भलतंच निघालं. डाव्या किडनीत ४.८ सेंटीमीटरची गाठ आहे, रिपोर्टात कॉम्प्लेक्स सिस्ट लिहिलंय, आत पातळ पडदे आहेत आणि त्यातला एक पडदा एका जागी जाडसर दिसतोय. युरॉलॉजिस्ट म्हणाले डाय (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी करू म्हणजे साधी सिस्ट आहे की ट्यूमर ते कळेल. आता गोची अशी आहे की बाबांचं क्रिएटिनिन २.४ आहे, ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) २९, डायबेटिस जुना, त्यामुळे किडनीचे डॉक्टर म्हणतात डाय शक्यतो नको, आहे ती किडनी जपायची आहे. मग एमआरआय करू म्हटलं तर बाबांना पेसमेकर आहे, सेंटरवाल्यांनी फोनवरच नाही म्हणून सांगितलं, कोणता पेसमेकर हे विचारलंसुद्धा नाही. म्हणजे दोन्हीकडून दारं बंद.

तर माझा प्रश्न सरळ आहे. स्कॅन न करता ही गाठ कॅन्सरची आहे की नाही हे कळायचा काही मार्ग आहे का? प्रोस्टेटला पीएसए असतो तसं किडनीसाठी रक्तात काही बघतात का? लघवी तपासून कळतं का? आणि आत पाणीच आहे तर सुईने थोडं पाणी काढून तपासलं तर काय बिघडतं, इतकं सोपं असताना कुणी तसं का म्हणत नाहीये? बाबांच्या लघवीत रक्त नाही, वजन उतरलेलं नाही, कॅल्शियम नॉर्मल, हिमोग्लोबिन ११. त्यावरून कॅन्सर नसावा असं धरून चालू का? घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय, बाबा मात्र निवांत पेपर वाचत बसलेत.

काचपट्टी:
पानगळ ताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये सायटोलॉजीला, म्हणजे पेशी तपासायच्या विभागात आहे, गाठीतलं पाणी आमच्याकडेच येतं, त्यामुळे सुईच्या प्रश्नापासून सुरू करते. बाकीचं नंतर.

पाणी आलं की आम्ही ते मशीनमध्ये फिरवतो, तळाला जो गाळ बसतो त्याच्या स्लाइड करतो, रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो. किडनीच्या सिस्टमधल्या पाण्यात बहुतेक वेळा काय दिसतं माहितीये? जवळपास काहीच नाही. चार-दोन मॅक्रोफेज, म्हणजे साफसफाई करणाऱ्या पेशी, थोडं जुनं रक्त, संपलं. याचं कारण असं की सिस्टसारख्या दिसणाऱ्या कॅन्सरमध्येसुद्धा कॅन्सरच्या पेशी पाण्यात तरंगत नसतात, त्या भिंतीला आणि पडद्यांना चिकटून असतात, कधीकधी तर अगदी एका थराच्या. आणि त्यात भर म्हणजे किडनीचा सगळ्यात कॉमन कॅन्सर, क्लिअर सेल, त्याच्या पेशी फिकट, फेसाळ, आत बुडबुडे असल्यासारख्या दिसतात आणि मॅक्रोफेजही तसाच फेसाळ दिसतो! पाच-सहा पेशींचा एक पुंजका समोर असतो आणि हा सफाई कामगार आहे की चोर हे ठरवायचं असतं. पुरेसा गाळ असेल तर वेगळे स्टेन, म्हणजे ठराविक पेशींनाच लागणारे रंग, मारता येतात, सीडी६८ लागला तर मॅक्रोफेज, पॅक्स८ लागला तर पेशी किडनीची. पण पॅक्स८ इतकंच सांगतो की ही किडनीची आहे, चांगली की वाईट ते नाही सांगत.

म्हणून नियम असा की पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर कॅन्सर आहे, नाही सापडल्या तर काहीही सिद्ध होत नाही. आमच्या रिपोर्टवर निगेटिव्ह फॉर मॅलिग्नंट सेल्स, म्हणजे कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत, असं लिहून जातं आणि घरचे पेढे वाटायला निघतात, ते वाचून पोटात गोळा येतो खरंच. त्यात तुमच्या बाबांच्या गाठीत पडदे आहेत म्हणजे आत मधमाशांच्या पोळ्यासारखे वेगवेगळे कप्पे आहेत, सुई एका कप्प्यात जाणार आणि जाडसर जागा कदाचित तिसऱ्याच कप्प्यात असणार.

पाण्याचा रंग बघूनही ठरत नाही. साध्या सिस्टचं पाणी फिकट पिवळं आणि नितळ असतं हे खरं, लालसर-तपकिरी आलं की शंका येते हेही खरं, पण साध्या सिस्टमध्ये कधीतरी रक्तस्राव झालेला असला तरी तसंच तपकिरी येतं. सीटी येण्याआधी, साठ-सत्तरच्या दशकात हेच करायचे बरं का, सुई घालून पाणी काढायचं, त्यातली चरबी, प्रोटीन, एलडीएच नावाचं एन्झाइम मोजायचं, मग त्याच सुईतून डाय आणि हवा आत सोडून एक्स-रे काढायचा आणि भिंत गुळगुळीत आहे का बघायचं. म्हणजे तेव्हासुद्धा नुसत्या पाण्यावर कुणाचा भरवसा नव्हता, शेवटी चित्र काढावंच लागायचं.

अजून एक. गाठ हायडेटिडची, म्हणजे कृमीची असू शकते असा जरासा जरी संशय असला तर आधी रक्ताची अँटीबॉडी टेस्ट करतात, कारण तिला अविचाराने सुई टोचली तर जोरदार ॲलर्जिक रिॲक्शन येऊ शकते. किडनीत ती क्वचित होते पण होते.

घाईत_असतो:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला. आता लिक्विड बायोप्सी आलीये ना, रक्ताच्या एका नळीत पन्नासेक प्रकारचे कॅन्सर कळतात, घरी येऊन रक्त घेऊन जातात. लघवीच्या पण टेस्ट निघाल्यात किडनी कॅन्सरसाठी, मी वाचलंय. जगात एवढं सगळं चाललंय आणि आपण अजून सुई आणि मायक्रोस्कोपमध्येच अडकलोय. सरळ ती टेस्ट करून घ्या, निगेटिव्ह आली की विषय संपला.

काचपट्टी:
घाईत दादा, निगेटिव्ह आली की विषय संपत नाही हेच तर मी वर एवढं टंकलं. तुमचं वाचन चुकीचं नाहीये, संशोधन खरंच चालू आहे, पण ते कुठवर आलंय ते बघा.

रक्तात फिरणारा कॅन्सरचा डीएनए पकडणाऱ्या टेस्ट आहेत, आणि त्या ज्या कॅन्सरमध्ये सगळ्यात कच्च्या ठरतात त्यात किडनीचा नंबर वर लागतो कारण किडनीचा कॅन्सर रक्तात डीएनए फार कमी सोडतो, लहान आणि किडनीपुरता असेल तेव्हा तर अजूनच कमी. आणि पाण्याने भरलेल्या गाठीत मुळात कॅन्सरच्या पेशीच थोड्या, सगळा आकार पाण्याचा. ४.८ सेंटीमीटर ऐकायला मोठं वाटतं पण त्यातला पेशींचा भाग चमचाभर पण नसेल.

लघवीतली दोन प्रोटीन खूप चर्चेत होती, ॲक्वापोरिन-१ आणि पेरिलिपिन-२. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी दाखवलं की क्लिअर सेल आणि पॅपिलरी कॅन्सरमध्ये ती लघवीत वाढतात आणि ट्यूमर काढला की खाली येतात. छान काम आहे, पण त्यावर ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवण्याइतकी ती टेस्ट रोजच्या वापरात आलेली नाही. दुसरं एक किम-१ नावाचं प्रोटीन आहे, त्यावरही बरंच लिहून येतं. त्याची अडचण ही की किडनीच्या नळ्यांना कसलीही इजा झाली तरी ते वाढतं. ताईंच्या बाबांचं क्रिएटिनिन २.४ आणि जुना डायबेटिस, त्यांचं किम-१ वाढलेलं आलं तर ते गाठीमुळे की डायबेटिसमुळे हे कोण सांगणार? टेस्ट करून उलट डोक्याला ताप.

आणि नेहमीची लघवीची सायटोलॉजी, जी तीन दिवस सकाळची लघवी घेऊन करतात, ती मूत्राशय आणि नळीच्या अस्तराच्या कॅन्सरसाठी आहे. किडनीच्या आतल्या गाठीच्या पेशी लघवीत पडायला गाठ मूत्रमार्गात फुटावी लागते.

रक्ताच्या बाकी रिपोर्टबद्दल ताई तुम्ही विचारलंय. पीएसएसारखा किडनीचा मार्कर नाही. कॅल्शियम वाढणं, ईएसआर वाढणं, लिव्हरचे आकडे हलणं, हिमोग्लोबिन विनाकारण चढणं किंवा उतरणं, हे किडनीच्या कॅन्सरमध्ये होऊ शकतं पण ज्यांना होतं त्यांचा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. योगायोगाने सापडलेल्या गाठीत हे सगळं नॉर्मल असणं हेच नेहमीचं, गाठ कुठलीही असो. बाबांचं हिमोग्लोबिन ११ आहे ते किडनी मंदावल्यामुळेही असू शकतं, त्यावरून इकडे की तिकडे काहीच काढता येत नाही. तेव्हा लघवीत रक्त नाही म्हणून कॅन्सर नाही असं धरून चालू नका, आणि ११ आहे म्हणून घाबरूही नका.

एकटीच_उजवी:
मी डॉक्टर वगैरे नाही, पण या रस्त्याने जाऊन आलेय म्हणून लिहिते. माझ्या डाव्या किडनीत अशीच कप्प्याकप्प्याची गाठ होती, सीटी झालं, डाय देऊन झालं, सगळं रीतसर झालं, बॉस्निॲक तीन (सिस्ट कितपत संशयास्पद आहे त्याचा वर्ग) आलं. गाठ अगदी मधोमध, रक्तवाहिन्यांना खेटून होती त्यामुळे पूर्ण किडनी काढावी लागली. रिपोर्ट आला तेव्हा त्यात लिहिलं होतं मिक्स्ड एपिथेलियल अँड स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. पाळी जायच्या सुमाराच्या बायकांमध्ये होते म्हणे. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच स्पष्ट सांगितलं होतं की यात निम्मे-निम्मे चान्स आहेत आणि काढल्याशिवाय कळणार नाही, त्यामुळे राग कुणावर नाही. सांगायचं एवढंच की स्कॅनमध्ये सगळं दूध का दूध पानी का पानी होतं असं समजू नका. पानगळ, बाबांना घाई करू देऊ नका आणि तूही करू नकोस. माझी एक किडनी मस्त चाललीये पण बाबांच्या दोन मिळून २९ आहे, त्यांना एक गमावणं परवडणार नाही.

राखाडीछटा:
मी रेडिऑलॉजीत आहे. ताईंचा प्रश्न स्कॅनशिवाय कळेल का असा आहे आणि काचपट्टींनी त्याचं उत्तर नाही असं दिलंय ते बरोबरच आहे. पण मला वाटतं इथे अडचण वेगळीच आहे, तुमच्यासाठी स्कॅनची दारं बंद झालेलीच नाहीत, दोन दारं जोरात लावून घेतली गेलीयेत एवढंच.

आधी हे बघू की आम्ही स्कॅनमध्ये बघतो काय. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतले रेडिऑलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निॲक यांनी १९८६ मध्ये किडनीच्या सिस्टचे चार वर्ग पाडले, नंतर दोन आणि तीनच्या मध्ये टू-एफ हा लक्ष ठेवायचा वर्ग घातला, २०१९ मध्ये सगळं परत नीट लिहिलं गेलं आणि एमआरआयही त्यात आलं. एक आणि दोन म्हणजे विसरून जा. टू-एफ म्हणजे अधूनमधून बघत राहा, त्यातल्या साधारण दहातल्या एकात पुढे बदल दिसतो. तीन म्हणजे निम्म्यांत कॅन्सर, आणि चार म्हणजे दहात नऊ. यावरून लक्षात येईल की आम्हीसुद्धा कॅन्सर आहे असं निदान करत नाही, शक्यता सांगतो. आणि ती ज्या एका गोष्टीवर सांगतो ती म्हणजे पडद्यात किंवा भिंतीत रक्तपुरवठा आहे का. डाय त्याचसाठी लागतो. साठलेलं रक्त, घट्ट झालेलं पाणी, कॅल्शियम, हे कितीही भयानक दिसलं तरी त्यात रक्त खेळत नसतं. जिवंत गाठीत खेळतं.

आता तुमच्या बाबांकडे वळू. रक्तपुरवठा बघायला सीटीचाच डाय लागतो असं नाही. कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी नावाचा प्रकार आहे, त्यात शिरेतून अगदी सूक्ष्म बुडबुडे सोडतात, सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे, साधारण लाल रक्तपेशीच्या आकाराचे. ते बाहेर टाकायचं काम किडनीवर पडतच नाही, वायू फुप्फुसातून श्वासावाटे निघून जातो. क्रिएटिनिन २.४ असो की ६, फरक पडत नाही, आणि पेसमेकरचाही काही संबंध नाही. पडद्यातून एकेक बुडबुडा सरकताना दिसतो, इतकं बारीक दिसतं की कधीकधी सीटीपेक्षा एक पायरी वरचा वर्ग दिला जातो, हे मात्र लक्षात ठेवायचं. पोट फार सुटलेलं असेल किंवा गाठ मागे वरच्या कोपऱ्यात असेल तर नीट दिसत नाही. साध्या सोनोग्राफीतला रंगीत डॉप्लर म्हणजे हे नव्हे, डॉप्लरला पडद्यातला मंद प्रवाह बऱ्याचदा सापडतच नाही, म्हणून डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह नाही असं लिहिलेलं वाचून हुरळून जाऊ नका.

एमआरआयचं म्हणाल तर पेसमेकर म्हणजे कायमचा नकार हे आता जुनं झालं. बरेच पेसमेकर एमआरआयला ठराविक अटींवर चालतात, आणि तशी मान्यता नसलेलेही काही मोठ्या केंद्रांमध्ये हार्टचे डॉक्टर समोर ठेवून, पेसमेकरचा मोड बदलून करतात. बाबांना पेसमेकर बसवला तेव्हा एक कार्ड दिलेलं असेल, त्यावर मशीनचं आणि वायरचं मॉडेल असतं, दोन्ही लागतात, नुसतं मशीनचं पुरत नाही. फोनवर विचारण्यापेक्षा ते कार्ड घेऊन हार्टच्या डॉक्टरांना गाठा. एमआरआयच्या डायची, गॅडोलिनियमची, कमकुवत किडनीत त्वचा कडक होण्याच्या आजाराशी २००६ च्या सुमारास सांगड घातली गेली आणि सगळ्यांनीच धसका घेतला, पण तो मुख्यतः जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमचा प्रश्न होता. हल्लीच्या सुरक्षित गटातल्या औषधांत ईजीएफआर ३० च्या खाली असतानाही तो धोका फारच कमी आहे.

आणि शेवटी सीटीचा डाय. ही भीती पूर्ण खोटी नाही पण वाढवून सांगितली गेलीये असं २०२० मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी आणि नॅशनल किडनी फाउंडेशन यांनी मिळून म्हटलंय. ३० च्या खाली असलेल्यांना आधी-नंतर सलाईन देऊन, गरज खरी असेल तर करता येतं. बाबा २९ वर आहेत, अगदी उंबरठ्यावर. मी तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना खोटं पाडत नाहीये, त्यांना बाबांची पूर्ण फाइल माहितीये आणि मी उंटावरून शेळ्या हाकतोय. पण प्रश्न असा विचारा: डाय टाळून जर निदान अडकलं आणि उगाच किडनी काढली गेली तर जास्त नुकसान कशात? मी स्वतः क्रम लावायचा झाला तर आधी बुडबुड्यांची सोनोग्राफी, मग पेसमेकरने परवानगी दिली तर एमआरआय, आणि डायचं सीटी शेवटी.

पानगळ:
बापरे, इतकं सविस्तर, सगळ्यांचे आभार. बुडबुड्यांच्या सोनोग्राफीचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं आमच्यासमोर. पण एक कळत नाहीये. सुईने पाणी काढून उपयोग नाही ते पटलं, मग जाडसर भागाचा तुकडाच घेतला तर? बायोप्सी? ब्रेस्टच्या गाठीत तर लगेच करतात. आणि दुसरा भाऊ म्हणतोय की एवढं सगळं करण्यापेक्षा काढूनच टाका, ऑपरेशन चालू असतानाच लगेच तपासून सांगतात ना कॅन्सर आहे का.

टाके_मोजतो:
युरॉलॉजीत शिकतोय, ड्युटी संपवून लिहितोय त्यामुळे वाक्यं वाकडीतिकडी असतील.

बायोप्सी: किडनीची गाठ पूर्ण भरीव असेल तर बायोप्सी चांगली आहे, बहुतेकांत उत्तर मिळतं आणि मिळालेलं उत्तर बहुतेकदा खरं ठरतं. पाण्याच्या गाठीत तसं नाही. युरोपियन गाइडलाइन स्पष्ट म्हणते की सिस्टमध्ये चांगला मोठा भरीव भाग असेल तरच बायोप्सी करा, नाहीतर नको. तुमच्याकडे एका पडद्याचा जाडसर भाग आहे, तो काही मिलिमीटरचा असणार, सुई त्यातून जाईपर्यंत गाठ पिचकते आणि निशाणा हलतो. सुईच्या वाटेवर कॅन्सर सांडण्याची भीती लोकांना फार असते, ते क्वचित होतं, नोंदवलेल्या केसेस मोजक्या आहेत, आणि हल्ली बाहेरच्या नळीतून आतली सुई घालतात त्यामुळे अजून कमी. आम्ही नको म्हणतो ते सांडण्यापेक्षा चुकीच्या निगेटिव्हमुळे. आणि हो, बायोप्सीची सुई पण सोनोग्राफी किंवा सीटीवर बघूनच घालतात, म्हणजे स्कॅन टाळून बायोप्सी असं काही नसतं.

ऑपरेशनमध्येच तपासून सांगणं, म्हणजे फ्रोझन सेक्शन: पाण्याच्या गाठीत त्यावर फार भिस्त ठेवत नाहीत. का ते काचपट्टी ताई जास्त नीट सांगतील पण थोडक्यात, गाठ गोठवून एक-दोन जागचे काप बघणार आणि कॅन्सर कदाचित तिसऱ्याच जागी.

काढूनच टाका: ईजीएफआर २९ असताना पूर्ण किडनी काढली तर डायलिसिस दाराशी येऊन उभं राहू शकतं, म्हणून काढायची वेळ आलीच तर फक्त गाठ काढून किडनी वाचवायचा प्रयत्न करतात. पण तिथवर जायच्या आधी एक गोष्ट बाबांना सांगा, ती मी ओपीडीत दिवसभर सांगत असतो. सिस्टच्या रूपातला किडनीचा कॅन्सर हा भरीव कॅन्सरपेक्षा बराच सभ्य असतो. हळू वाढतो, पसरणं क्वचित. म्हणूनच आता बॉस्निॲक तीन असलेल्या गाठीसुद्धा, विशेषतः लहान असतील आणि माणसाला बाकी आजार असतील तर, न काढता ठराविक काळाने स्कॅन करत लक्ष ठेवून चालवतात. उद्याच्या उद्या हो किंवा नाही कळलंच पाहिजे असा हा आजार नाही. आतला भरीव भाग वाढतोय का, याला आम्ही जास्त किंमत देतो. एकूण आकार वाढला तर तो पाणी वाढल्यामुळेही असतो.

काचपट्टी:
फ्रोझनचं टाके दादांनी सांगितलं त्यात भर घालते, कारण मूळ प्रश्नाचं खरं उत्तर आमच्या टेबलावर मिळतं.

गाठ पूर्ण आली की आधी ती बाहेरून रंगवतो, कडा कुठली ते कळावं म्हणून, मग उघडतो. पाणी वाहून जातं आणि फुगलेली गाठ एकदम पिशवीसारखी लोळागोळा होते. मग पडदे बोटाने आणि चिमट्याने एकेक उलगडून बघायचे. कुठे सोनेरी-पिवळसर ठिपका दिसतोय का, हे शोधायचं असतं, क्लिअर सेल कॅन्सरमध्ये चरबी असल्यामुळे तो पिवळा दिसतो. ठिपका दिसला की तो आधी घ्यायचा, पण नाही दिसला तरी पडदे जवळपास सगळे तपासायला द्यावे लागतात. कारण एक प्रकार असा आहे की पडद्याच्या आतमध्ये क्लिअर पेशींचे बारीक पुंजके असतात, पण कुठेही त्यांचा वाढणारा गोळा नसतो. त्याला आधी मल्टिलोक्युलर सिस्टिक कार्सिनोमा म्हणायचे. तो पसरत नाही, परत येत नाही असं दिसल्यावर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात कार्सिनोमा हा शब्दच काढून टाकला आणि लो मॅलिग्नंट पोटेन्शियलचा निओप्लाझम, म्हणजे कॅन्सरसारखं वागायची शक्यता फार कमी असलेली गाठ, असं नाव केलं. आता हे नाव द्यायचं असेल तर कुठेच गोळा नाही हे सांगता आलं पाहिजे, आणि ते सगळी गाठ बघितल्याशिवाय कसं सांगणार? एका सुईच्या तुकड्यावर नाहीच. म्हणून कॅन्सर आहे की नाही या प्रश्नाला इथे कधीकधी मधलंच उत्तर येतं.

घाईत_असतो:
ठीक आहे, माघार. पण मग हे सगळं ज्यांच्या गावी स्कॅनरच नाही त्यांनी काय करायचं? प्रत्येकाला बुडबुडेवाली सोनोग्राफी कुठून मिळणार.

राखाडीछटा:
रास्त प्रश्न. साधी सोनोग्राफी नीट केली तरी खूप मोठा गट तिथेच बाहेर पडतो. पन्नाशीनंतर तीन-चार माणसांत एकाला किडनीत साधी सिस्ट असते. गोल, आतून पूर्ण काळी, भिंत केसाएवढी, गाठीच्या मागचा भाग उजळ. अशी दिसली की पुढे काहीही करायची गरज नाही. अडतात त्या पडदेवाल्या. त्यांना बिनडायचं सीटीसुद्धा थोडी मदत करतं, त्यात किडनीला कसलाच त्रास नाही. आतली घनता हाऊन्सफील्डच्या आकड्यात मोजतो, पाणी म्हणजे शून्य. २० पर्यंत आणि सगळीकडे एकसारखी असली तर साधं पाणी. ७० किंवा वर आणि एकसारखी असली तर जुनं रक्त, तीही दोन नंबरमध्येच जाते, म्हणजे निरुपद्रवी. मधल्या आकड्यांना मात्र रक्तपुरवठा बघावाच लागतो.

ताई, यावरून आठवलं, बाबांचं पूर्वी कधी पोटाचं सीटी किंवा सोनोग्राफी झालीये का? मुतखडा, हर्निया, अपघात, काहीही. जुना स्कॅन हातात असणं नव्या टेस्टपेक्षा उपयोगी पडतं कधीकधी.

पानगळ:
हो! मुतखड्यासाठी सीटी झालं होतं, सहा वर्षं झाली असतील, फाइल शोधली तर सीडी पण निघाली. रिपोर्टात शेवटच्या ओळीत लिहिलंय डाव्या किडनीत सिस्ट, ३.६ सेंटीमीटर. तेव्हा कुणी लक्षच दिलं नाही, खडा पडला आणि विसरून गेलो. म्हणजे ३.६ ची ४.८ झाली. हे वाईट ना?

राखाडीछटा:
नुसत्या वाढीवरून वाईट म्हणता येत नाही, साध्या सिस्टही वयाबरोबर सावकाश वाढतात. सहा वर्षांत एवढी वाढ म्हणजे वर्षाला दोन मिलिमीटर, यात घाबरण्यासारखं नाही. बघायचं ते हे की तो पडदा आणि ती जाडसर जागा तेव्हा होती का. मुतखड्यासाठी सहसा बिनडायचं सीटी करतात आणि त्यात पातळ पडदे सहसा दिसत नाहीत, त्यामुळे नाही दिसला तर नवीन आहे असं धरता येणार नाही, पण जाडसर भाग तेव्हाही तेवढाच दिसला तर गोष्ट बरीच सोपी होईल. सीडी घेऊन जा, कागदी प्रिंट नको, त्यावर घनता मोजता येत नाही. आणि जो रेडिऑलॉजिस्ट बुडबुड्यांची सोनोग्राफी करेल त्यालाच ती सीडी द्या, दोन्ही एकाच माणसाने शेजारी शेजारी लावून बघितलेलं बरं.

पानगळ:
पेसमेकरचं कार्ड पण त्याच फाइलमध्ये सापडलं, वायरचं मॉडेल मागच्या बाजूला आहे. सोमवारी हार्टच्या डॉक्टरांकडे जातोय. टाके दादा, बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात, बुडबुड्यांसाठी ती बंद करावी लागते का?

टाके_मोजतो:
नाही, फक्त हाताच्या शिरेत सुई लावतात, गोळी चालू ठेवा. हार्टचा काही ताजा त्रास असेल तर मात्र तो त्यांना आधी सांगा. आणि स्वतःहून कुठलीच गोळी थांबवू नका, पेसमेकरवाल्या माणसाची तर मुळीच नाही.